आंबोलीच्या दोन रात्री: पावसाळी जंगल बघायचं नियोजन

पावसाळ्यात आंबोलीला जाणारे बहुतेक लोक शनिवारी सकाळी धबधब्याखाली भिजतात, मक्याचं कणीस खातात, कावळेसाद पॉइंटच्या ढगात फोटो काढतात आणि रविवारी संध्याकाळी घाट उतरतात. यात गैर काही नाही. पण ज्या जीवांमुळे आंबोलीचं नाव प्राणिशास्त्राच्या शोधनिबंधांत येतं, त्यातला एकही त्यांना दिसत नाही. ते जीव दिसतात रात्री साडेसातनंतर, रस्त्याकडेच्या गटारावर, झुडपाच्या पानाखाली, टॉर्चच्या उजेडात. म्हणून आंबोलीचं नियोजन दिवसांत करू नका, रात्रींत करा. किमान दोन रात्री हव्यात. एक रात्र वाऱ्यात किंवा मुसळधार पावसात वाया जाणारच, असं धरून चाला.

आधी महिना ठरवू. 'पावसाळा' हा एकच हंगाम नाही. मृगाचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडले की सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळी पठारावर, आंबोली भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) बाहेर येतो. अंगावर वाघासारखे पट्टे म्हणून शास्त्रीय नावात 'टायगेरिना'. २००९ साली या भेकांसाठी 'झँथोफ्रायनी' ही स्वतंत्र प्रजाती (जीनस) मांडली गेली. त्यातला एक भेक आंबोलीचा, दुसरा कोयनेचा. हा पठ्ठ्या तळ्यात अंडी घालत नाही. जांभ्याच्या कातळावर तळहाताएवढ्या खळग्यांत साचलेलं पाणी त्याला पुरतं. नंतर आठवडाभर पाऊस दडी मारून बसला की ती डबकी आटतात आणि पिल्लं जागीच सुकतात, म्हणून त्याची सगळी घाई पहिल्या पावसातच असते. हा सोहळा बघायचा असेल तर जूनचा दुसरा-तिसरा आठवडा, तोही पाऊस सुरू झाल्याची खात्री करून. तारीख तीन महिने आधी पक्की करून आलात आणि मान्सून लांबला, तर कोरडा सडा बघून परत जाल. आरक्षण जूनचं हवं असेल तर रद्द करता येईल असंच करा.

जुलै हा बेडकांचा महिना, पण माणसांसाठी कठीण. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे ठिकाण, आणि त्यातला मोठा हिस्सा जुलै-ऑगस्टमध्ये कोसळतो. धुकं असं दाटतं की दहा फुटांवरचं दिसत नाही. दिवसा पक्षी बघायचा विचारही सोडून द्या. श्रावणातल्या उघडझापीपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ नवख्यांसाठी सर्वांत सोयीचा: पाऊस सरींनी पडतो, रात्री फिरता येतं, आणि जवळच्या चौकुळ गावच्या सड्यावर सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू, कवला ही फुलं असतात. फक्त गणपतीचा आठवडा टाळा. कोकण रेल्वेत उभं राहायला जागा नसते, खोल्या भरलेल्या असतात, आणि ज्या स्थानिक जाणकाराच्या भरवशावर तुम्ही येणार तो आपल्या घरच्या गणपतीत असतो. त्याला बोलावूही नये.

वार कुठला? मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, आणि रात्रीही रस्त्यावर वाहनं थांबत नाहीत. इथले बेडूक, भेक, साप रस्ता ओलांडताना चाकाखाली मरतात, आणि नेमका तोच रस्ता तुम्हाला चालायचा असतो. मधल्या वारी दहा-दहा मिनिटं एक गाडी येत नाही. आवाज ऐकू येतात, आणि शोधाचं निम्मं काम कानानेच होतं.

जायचं कसं

समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आत-बाहेर उंचीवर असलेलं हे गाव सावंतवाडी तालुक्यात, सिंधुदुर्गात आहे. मुंबईहून सगळ्यात सरळ मार्ग रेल्वेचा: सावंतवाडी रोड स्टेशनवर उतरायचं, तिथून दाणोलीमार्गे घाट चढायचा. शहरापासून आंबोली तीसेक किलोमीटर आहे. स्टेशन मात्र शहरात नाही, मळगावात आहे, त्यामुळे रिक्षा-गाडीची सोय आधी ठरवा. तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्र उलटल्यावर लगेच सुटते, आणि दरवर्षी कोणीतरी इथे फसतं: 'मंगळवारी रात्री निघायचं' म्हणजे तिकीट बुधवारच्या तारखेचं. मंगळवारचं काढलंत तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या कमी वेगाने चालवतात, म्हणून पोहोचायची वेळ जुन्या तिकिटावरून धरू नका. पहिल्या दिवशी दुपारी दोनच्या आधी काही ठरवूच नये.

पुण्याहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी कोल्हापूर-गडहिंग्लज-आजरा किंवा निपाणी-आजरा हा वरचा रस्ता धरावा. याचा फायदा असा की आंबोली घाट लागतच नाही. जुलैत दरड आली आणि घाट बंद झाला तरी घाटमाथ्यावरून येणारा अडकत नाही. खालून येणाऱ्यांनी निघायच्या सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून 'घाट चालू आहे का' एवढं विचारावं. बेळगावहून सत्तरेक किलोमीटर. विमानाने यायचं तर गोव्यातलं मोपा सर्वांत जवळ. पेट्रोल आणि रोख पैसे घाट चढायच्या आधी भरून घ्या. वरती वीज जाते, ती गेली की मोबाइलचा टॉवरही डळमळतो, आणि मग ऑनलाइन पैसे पाठवायचं नुसतं चक्र फिरत बसतं.

खोली निवडताना दृश्य बघू नका, धुक्यात सगळी दृश्यं सारखीच. तीन प्रश्न विचारा. रात्रीचं जेवण सातला मिळेल का? फिरून अकराला आल्यावर दार उघडायला कोणी असेल का? ओले कपडे वाळवायला आडोशाची जागा, निदान पंखा आहे का? जेवण हा कळीचा मुद्दा आहे. साडेआठला जेवण म्हटलं की रात्रीचा उत्तम वेळ ताटावर जातो. आणि आवारात पाण्याची उघडी टाकी किंवा डबकं आहे का, हेही सहज विचारून ठेवा. मलबार ग्लायडिंग फ्रॉग, म्हणजे हिरवागार, बोटांच्या मधल्या पडद्यांवर लालभडक असलेला उडता बेडूक, पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं बांधतो. पिल्लं फेसातून थेट खाली पाण्यात पडतात. त्यामुळे टाकीवर आलेली एखादी फांदी जंगलातल्या दोन तासांच्या पायपिटीपेक्षा जास्त देऊन जाते.

सामान

पावसाळी बूट म्हणून जे शहरी ट्रेकिंगचे बूट विकले जातात ते इथे दुसऱ्या दिवशी ओल्या पावासारखे होतात आणि चार दिवस वाळत नाहीत. गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे रबरी गमबूट घ्या, सावंतवाडीच्या बाजारात मिळतात. आत जाड मोजे येतील असा एक नंबर मोठा. फायदे दोन: पाय कोरडा राहतो, आणि घोट्याजवळ सापाचा दात लागण्याची शक्यता जवळजवळ संपते. तोटा एकच, पण मोठा. शेवाळलेल्या कातळावर गमबूट साबणासारखा घसरतो. म्हणून रात्रीच्या रस्त्याला गमबूट, आणि सड्यावर किंवा ओढ्यात जायचं तर खाली रबरी गुट्ट्या असलेले शेतातले काळे प्लास्टिकचे बूट. दिसायला गरीब, पण पकड उत्तम.

रेनकोट आणि छत्री दोन्ही लागतात. छत्री तुमच्यासाठी नाही, कॅमेऱ्यासाठी. कावळेसादला मात्र ती गाडीतच ठेवा. तिथे वारा दरीतून वर येतो, खाली पडणारं पाणी उलटं अंगावर फेकतो, आणि छत्रीचा पहिल्या झटक्यात फुगा होतो.

टॉर्च दोन. एक डोक्याला बांधायचा, दोनशे-तीनशे ल्युमेनचा, चालायला. दुसरा हातातला, जरा जास्त ताकदीचा, शोधायला. फक्त डोक्यावरचा असेल तर त्या उजेडात चिलटं आणि पतंग थेट तोंडावर येतात. धुकं असलं की पांढरा झोत समोर भिंत उभी करतो. अशा वेळी हातातला टॉर्च कमरेच्या उंचीवर, तिरका धरा. बॅटऱ्यांचा एक जादा संच, तोही झिपच्या पिशवीत.

कॅमेऱ्याचं खरं वैर पावसाशी नाही, तापमानाच्या फरकाशी आहे. एसी लावलेल्या गाडीतून उतरून लगेच लेन्स काढली की ती आतून-बाहेरून धुरकट होते आणि वीस मिनिटं काहीच करता येत नाही. घाट चढताना एसी बंद, काचा थोड्या खाली. पिशवीत सिलिका जेलच्या पाकिटांचा मूठभर साठा. ती निळ्याची गुलाबी झाली की निकामी, तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळी करता येतात. मॅक्रो लेन्स ९० किंवा १०० मिलिमीटरची असावी, कारण सापापासून अंतर राखता येतं. मोबाइलवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. फेसाची घरटी, बुरशी, भेक हे सगळं मोबाइलवर चांगलं येतं. फक्त स्वतःचा फ्लॅश बंद ठेवून दुसऱ्याच्या टॉर्चने बाजूने उजेड घ्या.

जळवा. त्यांच्याबद्दल जेवढं घाबरवलं जातं तेवढं काही नाही. सुती लांब मोजे पँटवरून वर ओढा, त्यावर गमबूट. जळू लागलीच तर मीठ, तंबाखू, आगकाडी काही नको. चिडवली की ती पोटातलं जखमेत ओकते आणि मग जखम पिकते. नखाने तिचं तोंड कातडीवरून सरकवा, निसटते. रक्त अर्धा-पाऊण तास वाहत राहील, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. कापूस दाबून पट्टी बांधा. डास-जळवांचं मलम हाताच्या तळव्याला लावू नका. बेडकाची कातडी पातळ आणि ओलसर असते, ती सगळं शोषून घेते. मुळात बेडकाला हात लावायचाच नाही, पण चुकून लागतोच.

रात्र

जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो. साडेसातला निघा. एका गटात चार, फार तर सहा माणसं. दहा असली की मागच्या चौघांना फक्त पुढच्यांची पाठ दिसते. सोबत स्थानिक जाणकार घ्यावाच. तो दाखवतो म्हणून नव्हे (दाखवतोच), तर कुठला रस्ता राखीव वनात जातो, कुठे परवानगी लागते आणि आज अस्वल कुठल्या बाजूला आहे हे त्यालाच माहीत असतं म्हणून. गवे रात्री शेतांत आणि रस्त्यावर येतात, अस्वलांचा वावर आहे. जंगलातल्या पायवाटेने अंधारात स्वतःच्या हिमतीवर शिरू नका. आणि खरं सांगायचं तर शिरायची गरजही नाही. डांबरी रस्त्याची कड, गटार, रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या ओल्या भिंती, कातळाच्या कपारी, एवढ्यात दोन रात्री पुरतील इतकं आहे.

वेग किती? तीन तासांत एक ते दीड किलोमीटर. यापेक्षा जास्त चाललात तर तुम्ही फिरायला आलात, बघायला नाही. नजर गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंतच्या झुडपांवर, पानांच्या वरून एकदा आणि खालून एकदा. मलबारी चापडा तिथेच असतो, फांदीवर वेटोळं घालून, डोकं खाली. हा साप हिरवा, तपकिरी, पिवळट, नारिंगी अशा अनेक रंगांत येतो. म्हणून 'हिरवा साप शोधतोय' म्हणणाऱ्याला तपकिरी चापडा वाळकं पान वाटतो. तो भक्ष्याची वाट बघत एकाच जागी कित्येक दिवस बसतो. काल दिसला तिथे आजही असण्याची शक्यता मोठी, आणि म्हणूनच त्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकायची नाही. टाकलीत तर दुसऱ्या रात्री तिथे वीस टॉर्च असतात. आधारासाठी फांदी, कठडा, कपार धरायची सवय घाटमाथ्यावर सोडून द्या. आधी उजेड, मग हात.

हरणटोळ रात्री फांदीच्या टोकाला सैलसर झोपलेला सापडतो. मांजऱ्या साप बेडकांच्या मागावर फिरताना दिसतो. जोराच्या सरीनंतर रस्त्यावर गांडुळासारखं, पण जाड आणि चकचकीत काही वळवळताना दिसलं तर थांबा. ते देवगांडूळ असू शकतं: पाय नसलेला उभयचर, बेडकांचा चुलतभाऊ. त्यातली एक जात २००३ साली आंबोलीच्या नमुन्यांवरून शास्त्राला माहीत झाली आणि तिला ज्येष्ठ प्राणिशास्त्रज्ञ जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं गेलं. खापरखवल्या हा मातीत राहणारा बिनविषारी सापही असाच वर येतो. गाडी येत असेल तर ती थांबवून त्याला ओल्या काटकीने किंवा मोठ्या पानावर घेऊन, ज्या दिशेला जात होता त्याच बाजूला ठेवा. उलट बाजूला ठेवलंत तर तो पुन्हा रस्ता ओलांडतो.

वाऱ्याकडे लक्ष द्या. पाऊस चालतो, वारा चालत नाही. रिमझिम आणि मध्ये उघडीप ही उत्तम रात्र. पानं हलायला लागली की साप आत सरकतात आणि बेडकांचे आवाज वाऱ्यात विरतात. अशा रात्री मोऱ्यांच्या आतल्या भिंती बघा, तिथे आडोसा असतो. एखाद्या वळणावर, गाड्या नसताना, सगळे टॉर्च पाच मिनिटं पूर्ण बंद करा. डोळे सरावायला तेवढा वेळ लागतोच. सह्याद्रीत भर पावसात कुजक्या लाकडावर प्रकाशमान बुरशी उगवते. नशीब असेल तर काळोखात फिकट हिरवी नक्षी उमटते. मोबाइलचा पडदा कोणी उघडला की गेलं.

फोटोंचा नियम जाताना ठरवा, जागेवर वाद नको: एका जीवाला पाच मिनिटं, फ्लॅश मोजके, फांदी वाकवायची नाही, प्राणी उचलून 'चांगल्या पार्श्वभूमीवर' ठेवायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणं हेसुद्धा 'शिकार' या शब्दात मोडतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. उडत्या बेडकांच्या जोडीवर सतत झोत मारला तर ती अर्धवट फेस सोडून निघून जाते. दगड उलटला तर तसाच, त्याच खळग्यात परत.

साप चावला तर काय, हे कोणी विचारत नाही, म्हणून सांगून ठेवतो. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवरचं आहे. चापड्यावर ते लागू नाही. चापड्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही, पण सूज आणि वेदना भयंकर असतात. तरीही थेट दवाखाना, कारण कोणता साप होता हे रात्री कोणी छातीठोक सांगू शकत नाही. अंगठी-घड्याळ काढा, हातपाय न हलवता आधार देऊन बांधा, चिरा नको, करकचून आवळणं नको. १०८ ला फोन करा. आंबोलीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सावंतवाडीत उपजिल्हा रुग्णालय. नेटवर्क कुठल्या वळणावर येतं ते दिवसा बघून ठेवा, रात्री शोधत बसाल.

दिवसा काय

रात्री अकराला आलेल्या माणसाला पहाटे पाचला उठवू नका. नऊला नाश्ता करून हिरण्यकेशीला जा, गावापासून पाचेक किलोमीटर. गुहेतून नदी उगम पावते, पुढे घटप्रभेला मिळून कृष्णेकडे जाते. घाटमाथ्यावर थोडं इकडे पडलेलं पाणी पूर्वेला आणि थोडं तिकडे पडलेलं अरबी समुद्राला, हे इथे उभं राहून समजतं. मंदिराच्या कुंडात बोटाहूनही लहान एक मासा आहे, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२० मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि २०२१ मध्ये या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. कुंडात पाय धुवायचे नाहीत, साबण-निर्माल्य तर नाहीच. मुरमुरे टाकून मासे वर आणण्याचा मोहही आवरा. दगडाच्या कडेला पाच मिनिटं शांत उभं राहिलात की ते आपणच सरकताना दिसतात. येता-जाता मलबारी शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येईल, एखादा माणूस सूर विसरून शीळ घालतोय अशी. तो पावसात जास्त गातो.

चौकुळचा सडा तिसऱ्या दिवशी सकाळी. कातळावर चालताना पाण्याच्या खळग्यांवर पाय देऊ नका, त्यातच भेकांची आणि बेडकांची पिल्लं असतात. फुलांसाठी गुडघे टेकावे लागतात, कारण सीतेची आसवे बोटभर उंचीची. तिच्या जमिनीतल्या तंतूंवरच्या बारीक पिशव्या चिमुकले जीव पकडून खातात, आणि शेजारचा दवबिंदू चिकट थेंबांनी तेच करतो. कातळावरच्या मातीत नत्र फार कमी असतं, म्हणून हा मांसाहार. लांबून हे काहीच दिसत नाही. कावळेसाद वाटेत उरकून टाका, धुकं असेल तर दहा मिनिटांत.

धबधबा सर्वांत शेवटी, घाट उतरताना. माकडांना खायला देऊ नका आणि गाडीची काच उघडी ठेवू नका.

निघायच्या आधी गमबूट घासून धुवा आणि पूर्ण वाळवा, विशेषतः पुढच्या आठवड्यात कोयना किंवा भीमाशंकरला जाणार असाल तर. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. मोजे उलटे करून बघा, एखादी जळू घडीत बसलेली असते आणि ती डब्यात शेजारच्या बर्थवर निघते. परतीची गाडी संध्याकाळची घ्या. घाट आणि स्टेशन यांच्यामध्ये किमान तीन तास मोकळे ठेवा, दरड कोसळली तर आजऱ्याच्या बाजूने उतरायला तेवढेही अपुरे पडतात.